दुकान सरकारचं, शिपाईही सरकारचाच: तैवानमधला दारू-तंबाखूचा मक्ता

दारू-तंबाखूतून पैसा उभा करायचे सरकारकडे दोन मार्ग असतात. पहिला आपल्या ओळखीचा आहे. माल खासगी कारखानदारानं बनवायचा, खासगी दुकानदारानं विकायचा आणि सरकारनं मधे उभं राहून शुल्क घ्यायचं. दुसऱ्या मार्गात सरकार स्वतःच कारखानदार होतं, स्वतःच घाऊक व्यापारी होतं आणि बाकी सगळ्यांना त्या धंद्याची बंदी करतं. मग बाटलीवर जो भाव छापला जाईल तोच कर. समजा बाटली बनवायला १० रुपये लागले आणि ती ५० ला विकली, तर ४० रुपये तिजोरीत गेले. त्यासाठी ना विधेयक मांडावं लागलं, ना करवाढ झाली म्हणून कुणी बोंब मारली.

मेख त्या ४० रुपयांतच आहे. १० ला बनणारी वस्तू ५० ला विकली जात असेल, तर ती २० ला विकायला कुणीतरी पुढे येणारच. त्याला अडवल्याशिवाय ५० चा भाव टिकत नाही. म्हणजे दुकान काढलं की त्यामागोमाग शिपाई आला, खबरे आले, झडती आली, जप्ती आली. मक्तेदारीचा हा खर्च नफ्या-तोट्याच्या पत्रकात कुठे दिसत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा असतो.

हे एकाच ठिकाणी नीट पाहायचं तर तैवान पाहावं. तिथे जपानी राज्यकर्त्यांनी हा मक्ता उभारला, चिनी राष्ट्रवादी सरकारनं तो जसाच्या तसा उचलला आणि शेवटी जागतिक व्यापार संघटनेच्या अटींनी तो मोडला. मधल्या काळात एका संध्याकाळी त्यानं अख्ख्या बेटाचं राजकारण पेटवलं.

आधी अफू

१८९५ मध्ये चीनशी झालेलं युद्ध जिंकून जपाननं तैवान घेतलं. जपानची ही पहिली वसाहत, आणि सुरुवातीला ती चक्क अंगावर पडली. बंडं मोडायला सैन्य हवं, बंदरं आणि रेल्वे हवी, आणि या सगळ्याचा पैसा टोकियोहून यायचा. त्यातच अफूचा प्रश्न होता. जपानमध्ये अफूला कडक बंदी, पण तैवानात ओढणारे लाखभराच्या वर. एकदम बंदी घालावी तर आणखी एक बंड ओढवायचं.

यावर तोड काढली गोतो शिंपेई नावाच्या डॉक्टरनं. तो तेव्हा जपानच्या गृहखात्यात सार्वजनिक आरोग्य पाहत होता. त्याचं म्हणणं असं: ज्यांना व्यसन आहे त्यांना डॉक्टरी तपासणी करून परवाना द्या. अफू फक्त सरकारनं विकावी, महाग विकावी. नवे परवाने देऊ नका, म्हणजे ही पिढी सरली की व्यसनही सरेल. १८९७ मध्ये तसा हुकूम निघाला आणि पुढच्याच वर्षी गोतो स्वतः तैवानच्या मुलकी कारभाराचा प्रमुख झाला. १९०० च्या सुमारास परवानाधारकांची संख्या १,६९,००० च्या आसपास होती. कच्ची अफू बाहेरून आणायची, तैपेईच्या सरकारी कारखान्यात ती शिजवायची आणि प्रतवारी लावून विकायची, असा सगळा व्यवहार.

कागदावर ही व्यसनमुक्तीची योजना होती. पण अवघ्या काही वर्षांत, १९०५ पर्यंत, तैवानच्या कारभाराला टोकियोच्या मदतीची गरज उरली नाही, आणि त्यात अफूच्या पैशाचा वाटा मोठा होता. ज्या गिऱ्हाइकावर तिजोरी चालते ते गिऱ्हाईक कमी व्हावं असं दुकानदाराला कितपत वाटणार? १९२९ मध्ये पुन्हा नव्या परवान्यांची टूम निघाली तेव्हा तैवान पीपल्स पार्टीनं जानेवारी १९३० मध्ये थेट राष्ट्रसंघाला तार ठोकली. त्या पक्षाचा नेता च्यांग वेई-श्वेई हाही पेशानं डॉक्टरच. राष्ट्रसंघाची माणसं चौकशीला आली, सरकारची अडचण झाली आणि व्यसनींवर खरोखरचे उपचार करणारं रुग्णालय तैपेईत निघालं. ते तू त्सुंग-मिंग या तिसऱ्या डॉक्टरनं चालवलं. लघवीच्या तपासणीवरून व्यसन ओळखायची पद्धतही त्याच्याच कामातून पुढे आली. मक्ता एका डॉक्टरनं सुरू केला, दुसऱ्यानं तो वेशीवर टांगला आणि निस्तरायला तिसरा आला.

मीठ, कापूर, तंबाखू, दारू

अफूचा अनुभव गोड लागल्यावर यादी वाढत गेली. १८९९ मध्ये मीठ आणि कापूर. कापूर म्हटल्यावर आपल्याला आरती आठवते, पण त्या काळी कापरापासून सेल्युलॉइड बनायचं. कंगव्यापासून फोटोच्या फिल्मपर्यंत सगळीकडे ते लागे आणि जगातला बराचसा कापूर तैवानच्या डोंगरांतून येई. १९०१ मध्ये हे सगळे व्यवहार एका छताखाली आणून मक्तेदारी ब्युरो स्थापन झाला. १९०५ मध्ये तंबाखू त्यात आली. त्याच सुमारास, रशियाशी लढायला पैसा हवा म्हणून, खुद्द जपानमध्येही तंबाखूचं उत्पादन सरकारनं ताब्यात घेतलं होतं.

किरकोळ विक्री मात्र सरकारनं स्वतः केली नाही. ती ठेकेदारांकडे दिली, आणि ठेके कोणाला मिळाले हे पाहिलं की कारभाराचा दुसरा हेतू कळतो. निवृत्त जपानी अधिकारी हा एक गट, नव्या सत्तेच्या कामी आलेले स्थानिक बडे लोक हा दुसरा. १८९५ मध्ये जपानी फौजेला तैपेई शहरात घेऊन येणारा कू श्येन-रोंग पुढे मिठाच्या व्यापारातून गडगंज झाला. मक्ता हा असा बक्षिसी वाटायलाही उपयोगी पडतो.

दारूची पाळी सगळ्यात शेवटी, १९२२ मध्ये आली. १९०७ पासून तिच्यावर नुसता कर होता आणि छोट्या-मोठ्या खासगी भट्ट्या बेटभर चालत होत्या. मक्ता आल्यावर सरकारनं काही विकत घेतल्या, बाकीच्यांना कुलूप लागलं. तैपेईतली १९१४ ची साके (जपानी तांदळाची दारू) बनवणारी एक खासगी कंपनी अशीच सरकारी झाली. तिचं आवार आज ह्वाशान १९१४ नावाचं कलाकेंद्र आहे. तैपेईतच १९१९ मध्ये सुरू झालेली ताकासागो ही बिअर कंपनी मात्र बरीच वर्षं मक्त्याबाहेर राहिली. तिची विक्री १९३३ मध्ये ब्युरोकडे गेली.

कारखानदारांचा हिशेब भरपाई देऊन मिटला. खरी झळ लागली ती घरात दारू गाळणाऱ्यांना. भातशेती करणाऱ्या गावांत सणावाराची तांदळाची दारू घरीच व्हायची. डोंगरातल्या आदिवासींमध्ये सुगीच्या सणाला बाजरीसारख्या बारीक धान्याची दारू लागायची, त्याशिवाय पूर्वजांना नैवेद्य पुरा होत नसे. १९२२ नंतर हे सगळं गुन्हा झालं. तपासणीस गावात शिरला की मडकी पेंढ्यात, बांबूच्या बेटात, मिळेल तिथे जायची. पण आंबवणाचा वास लपवता येत नाही आणि तपासणीसाला डोळ्यांपेक्षा नाकाचाच भरवसा जास्त. राज्यकर्ते बदलले तरी या धाडी बदलल्या नाहीत. घरच्या दारूसाठी दंड भरलेली माणसं जपानी अमदानीत होती, तशीच नंतरच्या चिनी राजवटीतही.

१९४७ ची ती संध्याकाळ

१९४५ मध्ये जपान हरला आणि च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारनं तैवानचा ताबा घेतला. नवा प्रशासक छन यी यानं जपान्यांच्या बऱ्याच गोष्टी मोडीत काढल्या, मक्तेदारी ब्युरो मात्र जपून ठेवला. अफू आणि मीठ गेलं. तंबाखू, दारू, काड्यापेट्या आणि कापूर राहिलं.

फरक एवढाच की जपानी काळात सीमा बंदिस्त होत्या आणि माल बरा होता. आता दोन्ही बिघडलं. मुख्य चीनमध्ये सिगारेटवर असा मक्ता नव्हता, त्यामुळे शांघायच्या आणि विदेशी सिगारेटी समुद्रमार्गे बेटावर येत होत्या. सरकारी सिगारेटपेक्षा त्या चांगल्याही असत आणि परवडतही. हा माल बंदरातून आत सोडण्यात अधिकारी आणि लष्करातल्या वजनदार लोकांचा हात होता, हे गावभर माहीत होतं. इकडे महागाई रोज उडी मारत होती, तांदूळ पिकवणाऱ्या बेटावर तांदूळ मिळेनासा झाला होता, कारखाने बंद होते आणि परतलेले सैनिक बेकार होते. रस्त्यावर पाटी मांडून चोरट्या सिगारेटी विकणं हाच हजारोंचा धंदा झाला होता. पकडलं जायचं ते त्यांनाच. मोठे मासे जाळ्याच्या बाहेर.

२७ फेब्रुवारी १९४७. ब्युरोचे काही तपासणीस पोलिसांना घेऊन तामसुई बंदराकडे गेले होते. तिथे चोरट्या मालाची पन्नासेक खोकी उतरल्याची खबर होती. हाती लागली पाच. जवळजवळ रिकाम्या हातानं परतलेलं हे पथक तैपेईत जेवलं आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास थ्येनमा चहाघराजवळ विक्रेत्यांवर धाड टाकायला निघालं. बाकीचे पळाले. लिन च्यांग-माई ही चाळिशीची विधवा पळू शकली नाही. तपासणीसांनी तिचा माल तर घेतलाच, वर तिच्याजवळचे पैसेही काढून घेतले. ती गयावया करू लागली. माल घ्या, पण पैसे तरी परत द्या, पोरांना खायला काय घालू? एकानं पिस्तुलाचा दस्ता तिच्या डोक्यात हाणला. ती रक्तबंबाळ होऊन पडली.

जमाव चिडला, तपासणीस पळत सुटले. पळता पळता त्यांच्यातल्या एकानं गोळी झाडली आणि ती छन वन-शी या बघ्या तरुणाला लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

२८ तारखेला सकाळी ढोल बडवत लोक ब्युरोच्या तैपेई शाखेवर चालून गेले. आतल्या सिगारेटी, दारूच्या पेट्या, काड्यापेट्या सगळं बाहेर रस्त्यावर आणून पेटवलं. महागाईनं पिचलेल्या शहरात एवढा किमती माल समोर असताना त्याची होळी झाली, यावरून राग कशाचा होता ते कळावं. दुपारी मोर्चा प्रशासकाच्या कचेरीवर गेला, तिथे पहारेकऱ्यांनी गोळीबार केला आणि बेटभर उठाव पसरला. स्थानिक पुढाऱ्यांच्या समितीनं मार्चच्या पहिल्या आठवड्यात मागण्यांची यादी दिली. स्वायत्तता, निवडणुका अशा मोठ्या मागण्यांच्या रांगेत 'मक्तेदारी ब्युरो रद्द करा' हीही होती. छन यीनं बोलणी चालू ठेवली आणि मुख्य चीनमधून फौज मागवली. ८ मार्चपासून ती कीलुंग बंदरात उतरली. पुढे जे झालं त्यात किती माणसं मारली गेली यावर अजून वाद आहे. १९९२ च्या सरकारी अहवालानं आकडा १८,००० ते २८,००० च्या दरम्यान धरला.

या सगळ्याला '२२८' म्हणतात. १९४९ ते १९८७ या लष्करी कायद्याच्या काळात त्याचं नावही उघडपणे घेता येत नसे. सरकारच्या वतीनं राष्ट्राध्यक्ष ली तंग-ह्वे यांनी माफी मागितली ती १९९५ मध्ये. आता २८ फेब्रुवारीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. केवळ सिगारेटमुळे हे घडलं असं म्हणणं चूक ठरेल, दारूगोळा आधीच भरलेला होता. पण सरकारशी सामान्य माणसाची गाठ रोज कुठे पडत होती? जिथे सरकार विकणारं आणि पकडणारंही होतं, तिथेच. म्हणून ठिणगी तिथे पडली, आणि मला तरी यात योगायोग दिसत नाही.

नाव बदललं, गल्ला तोच

१९४७ मध्येच छन यीला पदावरून हटवलं, काड्यापेट्या आणि कापूर यादीतून वगळले आणि ब्युरोला नवं नाव मिळालं. दारू-तंबाखू मात्र सरकारकडेच राहिली, आणि पुढची चाळीस वर्षं तैवान प्रांताच्या तिजोरीचा हा एक भरभक्कम खांब होता. १९५९ मध्ये ब्युरोनं एक नवी सिगारेट काढली, ती तुफान चालली. तिचं नाव 'दीर्घायुष्य'. विनोद करायची माझी इच्छा नाही, नाव खरंच तेच आहे.

दक्षिणेत मेइनोंग नावाचं हाक्का या चिनी समाजाच्या लोकांचं गाव आहे, तिथल्या तंबाखूवर हा व्यवहार पोसला गेला. कुणी किती जमिनीत लावायची हे ब्युरो ठरवी, तपासणीस येऊन रोपं मोजत आणि एक पानसुद्धा घरी ठेवायची मुभा नसे. पान वाळवायच्या उंच भट्टीघरांत रात्र-रात्र जागून आच सांभाळावी लागे, त्यात घरातली बायकापोरं सगळी जुंपलेली. पण हमीभाव होता. भाताच्या शेतीपेक्षा पैसा चांगला होता, त्यावर मुलं शिकली. कुरबुर व्हायची ती खरेदी केंद्रावरच्या प्रतवारीवरून, कारण घेणारा एकच, त्यानं दुय्यम म्हटलं की माल दुय्यम. त्यामुळे मेइनोंगमध्ये मक्त्याबद्दल विचारलं तर नुसत्या शिव्या ऐकायला मिळणार नाहीत.

एक बेट मात्र यातून सुटलं होतं. तैवान सरकारच्याच ताब्यातलं, पण चीनच्या किनाऱ्याला खेटून असलेलं किनमन हे कागदोपत्री फूच्येन या चिनी प्रांतात मोडे, त्यामुळे तैवान प्रांताच्या ब्युरोचा हुकूम तिथे चालत नव्हता. तिथला सेनापती हू ल्येन यानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्वारीची दारू गाळणारी भट्टी काढली. गावकऱ्यांनी ज्वारी द्यायची आणि बदल्यात तांदूळ न्यायचा. सैन्याला दारू मिळाली, खडकाळ बेटावरच्या लोकांना भात मिळाला. ही किनमनची ज्वारीची दारू आज तैवानात सगळ्यात नावाजलेली आहे.

मक्ता उठला आणि भाव चढला

पहिला तडा बाहेरून गेला. अमेरिकेनं व्यापारी निर्बंधांचा बडगा दाखवला आणि १९८७ पासून विदेशी सिगारेटी, बिअर, वाइन यांना दार उघडावं लागलं. मग १ जानेवारी २००२ रोजी तैवान जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि मक्ता कायद्यानं संपला. त्याच वर्षी १ जुलैला ब्युरोची कंपनी झाली, सरकारी मालकीचीच.

मक्तेदारी गेली की स्पर्धा येते आणि वस्तू स्वस्त होतात, असं पुस्तकात असतं. तैवानात तांदळाच्या दारूचं नेमकं उलटं झालं. तिला मीच्यू म्हणतात आणि ती पिण्यापेक्षा स्वयंपाकातच जास्त जाते. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे-अळिवाचे लाडू, तशी तिकडे तिळाच्या तेलात आलं परतून मीच्यूत शिजवलेली कोंबडी. महिनाभर रोज, आणि ती रांधायला बाटल्यांवर बाटल्या लागतात. ही घराघरातली वस्तू म्हणून सरकारनं तिचा भाव मुद्दाम खाली ठेवला होता, बाटली २० तैवानी डॉलरच्या आसपास. म्हणजे मक्ता सिगारेटवर लोकांना पिळत होता आणि मीच्यूवर सूट देत होता.

व्यापार संघटनेला हे चालणार नव्हतं. मीच्यू ही गाळलेली दारू, व्हिस्कीही गाळलेली दारू. मग दोघींवर कर सारखाच हवा. जपान आपल्या शोचू या दारूवर कमी कर लावून व्हिस्कीवर जास्त लावत होता, तेव्हा १९९६ मध्ये याच मुद्द्यावर तो हरला होता. तैवानला मान तुकवावी लागली आणि बाटली चढत चढत १८० डॉलरपर्यंत गेली. भाव वाढणार हे आधीच कळल्यानं साठेबाजी झाली, दुकानांपुढे रांगा लागल्या. आणि मग सुरुवातीला सांगितलेला तो २० रुपयेवाला विक्रेता हजर झाला. बनावट मीच्यू बाजारात आली, काहींत विषारी मिथेनॉल होतं आणि माणसं मेली. इथे मक्ता नव्हता, साधा कर होता. पण बनवायचा खर्च आणि विकायचा भाव यांत मोठी दरी ठेवली की ती कोण भरून काढणार, हे मक्त्याला आणि कराला सारखंच लागू पडतं. अखेर स्वयंपाकाची मीच्यू वेगळ्या वर्गात घालून कर उतरवला आणि २०१० मध्ये बाटली २५ डॉलरवर आली. तेव्हाच्या सरकारनं त्याचा गाजावाजाही बराच केला.

मेइनोंगच्या तंबाखूची सरकारी कंपनीकडून होणारी खरेदी २०१७ मध्ये थांबली. आता काही भट्टीघरं जुनी वास्तू म्हणून राखली आहेत. तैपेईचा सोंगशान सिगारेट कारखाना १९९८ मध्येच बंद पडला, तिथे प्रदर्शनं भरतात. सरकारी कंपनी अजून बिअर आणि सिगारेट विकते, शिवाय दारूत मुरवलेल्या कोंबडीच्या चवीच्या इन्स्टंट नूडल्सही, ज्यांच्यावर लोकांच्या उड्या पडतात. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा तिच्याच भट्ट्यांनी हात निर्जंतुक करायचं ७५ टक्के अल्कोहोल बनवलं.

आणि खासगी माणसाला दारू गाळायची मुभा परत मिळाली. नव्या कायद्यानं घरच्यासाठी १०० लिटरपर्यंत बनवली तर दंड नाही. डोंगरातल्या गावांत सुगीच्या सणाची दारू आता लपवावी लागत नाही. कॅनमधली कॉफी विकणाऱ्या एका कंपनीनं यीलानला व्हिस्कीची भट्टी टाकली. २००२ पूर्वी हे केलं असतं तर मालक तुरुंगात गेला असता. तिच्या 'कवालान'ची पहिली बाटली २००८ मध्ये बाजारात आली आणि २०१५ मध्ये 'वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्स'मध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल मॉल्ट म्हणून तिच्याच एका व्हिस्कीचं नाव पुकारलं गेलं. त्यानंतर सरकारी कंपनीच्या नान्तोऊच्या भट्टीतली 'ओमार' व्हिस्कीही लोक शोधून घेऊ लागले.